मालकाचा क्लब, आमचा टीशर्ट

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असणारच. सोमवारी सकाळी डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, कॉफी मशीनपाशी सुतकी चेहऱ्याने उभा राहून तो सांगतो, 'काल हरलो यार आम्ही!' तुम्ही नवीन असाल तर विचारता, कुठे? कशात? मग कळतं की 'आम्ही' म्हणजे मँचेस्टर युनायटेड. हा राहतो डोंबिवलीला. मँचेस्टरला कधी गेलेला नाही आणि बँक बॅलन्स बघता एवढ्यात जाईल असं वाटतही नाही. पण 'आम्ही' म्हणताना त्याच्या आवाजात जो जीव असतो ना, तो कंपनीबद्दल बोलताना कधी ऐकलाय? अप्रेझलच्या फॉर्मवरसुद्धा तो कंपनीला 'ऑर्गनायझेशन' म्हणतो. 'आम्ही' नाही म्हणत.

या 'आम्ही'ची मला जाम गंमत वाटते. कारण कागदोपत्री बघितलं तर क्लब 'आपला' नसतोच. तो कुणाच्या तरी नावावर असतो, सातबाऱ्यावर नाव असावं तसा. कुठे अमेरिकेतलं एखादं कुटुंब असतं, कुठे अबुधाबीचे शेख असतात, आणि एका ठिकाणी तर चक्क आपल्या पुण्यातली कोंबड्यांची कंपनी आहे. हसू नका, तिकडे येणारच आहे मी.

तीन पक्ष, एक गाडी

तर झालं काय, पाऊस ओसरताना जोडून सुट्ट्या आल्या. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवण्यापेक्षा जव्हार-मोखाड्याला जाऊ, असं ठरलं. अहमदाबाद हायवेने मनोर, तिथून उजवीकडे वळून विक्रमगड आणि मग घाट चढून जव्हार. 'ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर' हे जव्हारचं जुनं बिरुद. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, पण लोकांच्या तोंडी अजून तेच आहे. मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, हनुमान पॉइंट, दाभोसाचा धबधबा... दुपारपर्यंत फोटो काढून झाले आणि आम्ही मोखाड्याच्या पुढे खोडाळ्याच्या रस्त्याला लागलो. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाची सोय केली होती.

गाडीत आम्ही चौघं. एक युनायटेडवाला, ठाण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. एक लिव्हरपूलवाली, माझी रूममेट, बँकेत कर्जाची प्रकरणं बघते. एक पुणेकर, जो मुंबईत राहून पाच वर्षं झाली तरी 'आमच्याकडे' म्हणजे पुणेच. आणि मी. नावं देत नाही, कारण दोघांचे बॉस हे पान वाचतात.

शनिवार म्हणजे मॅचचा दिवस. दोघांनी डेटा पॅक मारून ठेवले होते, पॉवर बँक फुल्ल होती. आणि मोखाडा सोडल्यावर रेंज गेली. सपशेल! आधी एक दांडी, मग अर्धी, मग नुसती फुली. युनायटेडवाल्याचा चेहरा असा झाला की जणू त्याला कोणी ऑक्सिजनवरून काढलंय. पण मॅच दिसत नाही म्हटल्यावर जे होतं तेच झालं. मॅचऐवजी भांडण सुरू झालं!

हप्ते कोण भरणार?

पहिला बॉल युनायटेडवाल्याचा. त्याच्या सगळ्या दुःखाचं मूळ एकच, ग्लेझर. २००५ मध्ये अमेरिकेतल्या या कुटुंबाने क्लब घेतला, साधारण ७९ कोटी पौंडांना. त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता आणि ५० कोटी पौंडांहून जास्त कर्ज चढलं ते क्लबच्याच डोक्यावर. 'म्हणजे बघ,' तो मला समजावत होता, 'तुझं घर मी विकत घेतलं, आणि होम लोनचे हप्ते तुझ्या पगारातून!' मला पहिल्यांदाच हे प्रकरण स्वच्छ कळलं.

लोक गप्प बसले नाहीत. काही फॅन्स त्याच वर्षी चालते झाले आणि त्यांनी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला, सभासदांच्या मालकीचा. जे राहिले त्यांनी २०१० मध्ये लाल रंग बाजूला ठेवून हिरवे-सोनेरी मफलर गळ्यात घातले. का, तर १८७८ मध्ये क्लब सुरू झाला तेव्हा त्याचं नाव न्यूटन हीथ होतं आणि रंग हे होते. त्या मार्चमध्ये दुसऱ्या टीमकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनेही मॅच संपल्यावर तो मफलर गळ्यात घातला होता. आणि २ मे २०२१ ला तर फॅन्स थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले. लिव्हरपूलबरोबरची मॅच त्या दिवशी होऊच शकली नाही.

'आणि उपयोग काय झाला?' लिव्हरपूलवालीने विचारलं. 'ग्लेझर आहेतच ना अजून?' आहेत. २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी पावपेक्षा थोडा जास्त हिस्सा घेतला, क्लबचा फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्याच वर्षी काही तिकिटांचा दर ६६ पौंड झाला. मुलांना, म्हाताऱ्यांना सवलत नाही. फॅन्स परत रस्त्यावर!

'आमचं बघ,' असं म्हणून मग तिने तिचं हुकमाचं पान टाकलं. ६ फेब्रुवारी २०१६. मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं. ॲनफिल्डवर सुंदरलँडविरुद्ध मॅच, लिव्हरपूल २-० ने पुढे. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून चालायला लागले. शिव्या नाहीत, दगड नाहीत. नुसते उठले आणि गेले. रिकाम्या खुर्च्यांसमोर लिव्हरपूलने दोन गोल खाल्ले, मॅच २-२. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. 'याला म्हणतात प्रोटेस्ट,' ती म्हणाली. बँकेत असल्यामुळे असेल, पण हिला कायम रिझल्ट लागतो.

एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, ती म्हणजे सुपर लीग. १८ एप्रिल २०२१ ला युरोपातल्या १२ श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी लीग जाहीर केली, बहुतेकांची जागा कायमची रिझर्व्ह. त्यात युनायटेडही होतं आणि लिव्हरपूलही. चेल्सीच्या फॅन्सनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर टीमची बस अडवली, आणि दोन दिवसांच्या आत इंग्लंडचे सहाही क्लब शेपूट घालून बाहेर पडले. 'तेव्हा मी तुझ्या बाजूने होते,' ती म्हणाली. 'तेवढंच,' तो म्हणाला.

आता आपली कोंबडी

एव्हाना जेवणाची वेळ झाली होती. घरमालकांना आम्ही दादा म्हणत होतो. वहिनींनी गावठी कोंबडीचा रस्सा आणि नागलीच्या भाकरी केल्या होत्या. ताटाकडे बघून पुणेकर एकदम म्हणाला, 'विषय निघालाच आहे तर आमच्या पुण्याचं पण एक आहे.'

झालं! गोष्ट खरी आहे आणि तुमच्यापैकी ज्यांना माहीत नसेल त्यांनी ऐकाच. इंग्लंडच्या उत्तरेला ब्लॅकबर्न नावाचं गाव आहे. एके काळी कापडगिरण्यांचं. तिथला क्लब, ब्लॅकबर्न रोव्हर्स, १८७५ चा. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या १२ क्लबांपैकी हा एक. गावातल्याच जॅक वॉकर नावाच्या पोलादवाल्याने १९९१ मध्ये क्लब हातात घेतला, पैसा ओतला आणि १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. तेव्हा श्रीमंत मालकाविरुद्ध कोणीही ओरडलं नाही. श्रीमंत मालक आपल्या गावचा असला आणि टीम जिंकत असली की तो 'मालक' नसतो, तो 'आपला जॅक' असतो!

वॉकर २००० मध्ये गेले. आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडून क्लब घेतला पुण्याच्या वेंकीजने. डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा समूह. अंडी, पिल्लं, कोंबडीखाद्य, फ्रोझन चिकन. किंमत २.३ कोटी पौंड, शिवाय डोक्यावरचं कर्ज. प्रीमियर लीगमधला भारतीय मालकीचा पहिला क्लब! पुण्यात तेव्हा काय कॉलर टाइट झाली होती म्हणून सांगू, असं पुणेकर सांगत होता. नव्या मालकांकडून रोनाल्डिन्होला आणायची भाषा सुरू होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आख्खी टीम पुण्यात आली, बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण मॅच खेळली आणि ३-० ने जिंकून गेली. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत, अशी एक जाहिरातसुद्धा निघाली.

तिकडे ब्लॅकबर्नमध्ये मात्र वातावरण तापत होतं. क्लब घेतल्यावर महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलर्डाइस यांना नारळ दिला. पुढे ७ मे २०१२ ला विगनविरुद्ध मॅच हरून टीम प्रीमियर लीगबाहेर गेली. त्या मॅचमध्ये कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती फडफड करत धावली आणि जगभरच्या टीव्हीवर दिसली. पुढच्या मोसमात मॅनेजर इतक्या वेगाने बदलले, की हेनिंग बर्ग यांना जेमतेम ५७ दिवस मिळाले. २०१६ मध्ये फॅन्सनी १८७५ ची आठवण म्हणून १८ व्या मिनिटाला स्टेडियममध्ये शिरायचं आणि ७५ व्या मिनिटाला निघून जायचं, असा निषेध केला. २०१७ मध्ये टीम तिसऱ्या श्रेणीत घसरली. प्रीमियर लीग जिंकलेला कुठलाही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता. पुढच्याच वर्षी एक पायरी वर आली, पण 'वेंकीज आउट'चे बोर्ड काही खाली आले नाहीत.

'बिचारे!' मी म्हणाले. 'कोण बिचारे?' लिव्हरपूलवाली म्हणाली. आणि इथून भांडण खरं रंगलं. तिचं म्हणणं असं, की दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक क्लब तोट्यात चालतात. खेळाडूंचे पगारच मिळकतीच्या बाहेर जातात. तो खड्डा दरवर्षी पुण्याहून पैसे पाठवून भरला जातो. मध्यंतरी भारतातल्या एका चौकशीमुळे पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती, तरी पाठवत होते. 'पंधरा वर्षं तोटा भरायचा आणि वर शिव्या खायच्या. तू तुझा पीएफ टाकशील का ब्लॅकबर्नमध्ये?'

'चूक पैशाची नाहीच,' युनायटेडवाला उसळला. 'चूक ही, की ते येत नाहीत, बोलत नाहीत, सांगत नाहीत. गावातला माणूस चाळीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतोय. त्याला मॅनेजर का काढला, खेळाडू का विकला, हे पेपरात वाचून कळतं. तुझ्या ऑफिसात असं झालं तर?' तुमच्याबद्दल माहीत नाही, पण आमच्याकडे असं दर तिमाहीला होतं. फरक इतकाच, की ऑफिसात आपण राजीनामा देऊ शकतो.

दादांचा प्रश्न

दादा इतका वेळ वाढता वाढता ऐकत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'मालकाला तोटा होतोय म्हणता, तर तो विकत का नाही? आणि लोकांना मालक आवडत नाही, तर ते दुसरा क्लब का धरत नाहीत?'

दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. एमबीए केलेल्यांनी केस स्टडी करावी असा प्रश्न! मोबाइलची कंपनी त्रास द्यायला लागली की नंबर तोच ठेवून आपण कंपनी बदलतो. बँक बदलतो, जिम बदलतो, काही जण जोडीदारही बदलतात. क्लब नाही बदलत. युनायटेड हरतंय म्हणून आमचा ठाणेकर सिटीकडे जाईल का? मेला तरी नाही. आणि मालकांना नेमकं हेच माहीत असतं. गिऱ्हाईक कुठे जाणार नाही याची गॅरंटी असेल तर तिकीट ६६ चं करा नाहीतर ७७ चं! म्हणूनच फॅन जेव्हा उठून बाहेर जातो, तेव्हा तो साधा गिऱ्हाईक म्हणून जात नसतो. पुढच्या शनिवारी तो परत येणार असतो. मालक हलतो तो या परत येण्यामुळे.

मग दादांनी बोहाड्याचं सांगितलं. होळीच्या आसपास मोखाडा-जव्हारच्या गावांत बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं नाचवतात. जव्हारजवळच्या रामखिंडचे मुखवटे करणारे कारागीर प्रसिद्ध आहेत. ठरावीक सोंगं ठरावीक घरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. खर्च गावाच्या वर्गणीतून. 'मोठी वर्गणी देणारा असतो एखादा,' दादा म्हणाले. 'त्याला मान देतो, नारळ देतो. पण म्हणून त्याच्या नावाचा बोहाडा नाही होत.'

पुणेकर हसला. 'दादा, तुम्ही जर्मनी सांगताय!' आणि खरंच की! जर्मनीत १९९८ पासून '५० अधिक १' असा नियम आहे. काही मोजके अपवाद सोडले तर क्लबमध्ये कितीही पैसा बाहेरून आला, तरी मतांची निम्म्याहून एक जास्त ताकद सभासदांकडे राहते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा द्यायचं ठरवलं, तर फॅन्सनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिस बॉल आणि चॉकलेटची नाणी फेकून मॅचेस थांबवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो सौदाच गुंडाळला. मोठ्या वर्गणीदाराला नारळ द्यायचा, बोहाडा नाही. फंडा तोच!

ज्याचा क्लबच गेला

रात्री अंगणात बसलो होतो. पुणेकर म्हणाला, 'तुमचं बरंय. तुमचे मालक वाईट आहेत, पण क्लब आहे. मी कोणाविरुद्ध ओरडू?'

त्याचा हिशेब ऐका. कॉलेजात असताना तो पुणे एफसीचा. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला क्लब. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये बंद. मग डीएसके शिवाजियन्स. दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ मध्ये बाहेर. मग एफसी पुणे सिटी, हृतिक रोशन मालकांपैकी एक, ऑरेंज आर्मी, बालेवाडीत ढोल-ताशे. २०१९ मध्ये तोही गेला. आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली, आणि २०२५ मध्ये हैदराबादची टीम गेली दिल्लीला. म्हणजे पुण्याची खुर्ची आता दिल्लीत आहे!

मुंबईकरांनी हसायचं कारण नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप दोन्ही जिंकले, आणि २०१० मध्ये कंपनीने टीम बंद केली. मग मुंबई एफसी. कूपरेजवर खालिद जमील यांनी कित्येक वर्षं तुटपुंज्या बजेटमध्ये ही टीम आय-लीगमध्ये टिकवली. २०१६ मध्ये ते बाहेर पडले, मिझोरमच्या ऐझॉलला गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दाखवली. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली, आणि मग क्लबच बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे कोच झाले. मुंबई सिटीचंही तेच. २०१४ मध्ये रणबीर कपूर मालकांपैकी एक म्हणून सुरुवात, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला, कप आले. २०२५ मध्ये आयएसएल रखडली आणि डिसेंबरमध्ये या ग्रुपने आपला हिस्सा सोडला. आले तसे गेले.

'मग तुम्ही पुण्यात मोर्चा का नाही काढला?' युनायटेडवाल्याने विचारलं. 'कोणाकडे काढणार? आणि किती जण आलो असतो? दोनशे?' त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

हे मात्र आपल्याच देशात होऊ शकतं, बरं का. कोलकाता बघा. मोहन बागान १८८९ चा. २०२० मध्ये संजीव गोएंकांच्या समूहाने ८० टक्के हिस्सा घेतला आणि नावाच्या पुढे 'एटीके' लागलं. लोक तीन वर्षं ओरडत राहिले, 'रिमूव्ह एटीके'. मार्च २०२३ मध्ये टीम आयएसएल जिंकली आणि गोएंकांनी त्याच रात्री जाहीर केलं, एटीके जाणार. ईस्ट बंगालच्या फॅन्सनी जुलै २०२१ मध्ये गुंतवणूकदाराबरोबरच्या करारावरून क्लबच्या दारात गोंधळ घातला आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये या दोन्ही क्लबांचे एकमेकांच्या जिवावर उठलेले फॅन्स, आर. जी. कर प्रकरणातल्या डॉक्टर मुलीला न्याय मागायला एकत्र रस्त्यावर आले. डर्बी रद्द झाली होती, तरी मैदानाबाहेर आले.

दादा म्हणाले, 'आमची टीम पण मोडते. दरवर्षी.' आम्हाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. पावसाळ्यात इथली पोरं खेळतात. दिवाळी झाली की भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर घरंच्या घरं जातात, पोरं आईबापांबरोबर. 'गोलकीपर गेला, मग फॉरवर्ड गेला. होळीला येतात परत. तेव्हा मोजायचं, कोण कोण आलं.'

यावर काय बोलणार? ना क्लब, ना मालक, ना आयएसएल. टीम आहे, कारण पोरं परत येतात.

सकाळी ती टीम बघितली. आश्रमशाळेच्या उतरत्या मैदानावर, दगडांचे गोलपोस्ट, बहुतेक अनवाणी. एकाच्या अंगावर चेल्सीचा टीशर्ट, रंग उडालेला, बाजारातला. युनायटेडवाल्याने आवाज टाकला, 'ए, कोणाचा रे टीशर्ट?' पोरगा थांबला, स्वतःकडे बघितलं आणि म्हणाला, 'माझा.' लिव्हरपूलवाली इतकी हसली की तिला बसावं लागलं.

मग काय करायचं?

परतीच्या रस्त्यात आमचं एवढं तरी एकमत झालं. पैसेवाल्या मालकाशिवाय मोठं फुटबॉल चालत नाही. खेळाडू कोण घ्यायचा, कोच कोण ठेवायचा, हे पैसे देणारा ठरवणारच. पण तीन गोष्टी विकत मिळू नयेत: नाव, रंग आणि मैदान. २०१२ मध्ये कार्डिफच्या मलेशियन मालकाने निळा क्लब लाल करून टाकला होता. फॅन्सनी तीन वर्षं डोकं खाल्लं, २०१५ मध्ये निळा रंग परत आला. २०२५ मध्ये इंग्लंडने फुटबॉलसाठी कायदा करून स्वतंत्र नियामक नेमला, आणि बोधचिन्ह किंवा जर्सीचे रंग बदलायचे तर आधी फॅन्सना विचारा, असं बंधन घातलं. म्हणजे मफलर, कोंबडी, ७७ वं मिनिट हे सगळं अगदीच फुकट गेलं नाही.

आपल्याकडे अशा कायद्याची वाट बघायच्या आधी एक सोपं काम आहे, आणि ते मी स्वतःलाही सांगतेय. पुण्यातल्या दोनशेंचे वीस हजार झाले असते, तर क्लब गुंडाळताना मालकाला निदान तोंड दाखवायला तरी यावं लागलं असतं. कोलकात्यात ते शक्य झालं कारण तिथे चार-चार पिढ्या मैदानात येऊन बसल्यात. आपण मात्र सातासमुद्रापलीकडच्या मालकाला रात्री दोन वाजता शिव्या घालतो, आणि चर्चगेटहून चालत दहा-पंधरा मिनिटांवरच्या कूपरेजवर मॅच असते तेव्हा मॉलमध्ये असतो. वांद्र्यात नेव्हिल डिसोझांच्या नावाचं ग्राउंड आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारे हेच ते डिसोझा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक मारणारे ते पहिले आशियाई! तिथे किती वेळा गेलायत?

युनायटेड सोडा असं मी म्हणत नाही. सुटणारही नाही ते. फक्त महिन्यातून एक शनिवार लोकल टीमसाठी काढा. पुणेकर आणि मी पुढच्या शनिवारी कूपरेजला जातोय. ठाणेकरानेही येतो म्हटलंय, मॅच दुपारी असेल तर. लिव्हरपूलवालीचं अजून नक्की नाही, तिला आधी रिझल्ट सांगा म्हणते! तुम्ही येताय का?